सभागृहातील बिनतारी जाळे

तार नाही, खांब नाही, आणि तरीही मजकूर एका हातातून दुसऱ्या हातात क्षणार्धात पोहोचतो, या गोष्टीचे आता कोणास नवल वाटत नाही. घरातील फळीवर एक लहानशी पेटी ठेवलेली असते. तिचे दिवे लुकलुकत असतात, आणि घरातील चार-पाच माणसे आपापल्या मोबाइलवर चित्रे पाहतात, पत्रे धाडतात, परीक्षेचे निकाल शोधतात. हे सारे इतके बिनबोभाट चालते की, त्यामागे काही योजना असावी लागते अशी शंकाही मनास शिवत नाही. पुढे गावात एखादे मोठे संमेलन ठरते, हजार माणसांची सोय असलेले नाट्यगृह घेतले जाते, आणि व्यवस्थापक मंडळींपैकी कोणीतरी सहज बोलून जातो, "घरी एक पेटी पुरते, तर येथे चांगल्या दणकट चार लावू, म्हणजे झाले!" ह्या वाक्यात जी चूक दडलेली आहे ती उलगडून पाहणे, हाच सभागृहातील बिनतारी जाळ्याच्या अभ्यासाचा खरा आरंभ होय.

मोठ्या सभागृहात ह्या विद्येने भल्याभल्यांची फजिती केलेली आहे. दिनांक ७ जून २०१० रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को नगरात, मॉस्कोने केंद्राच्या विशाल सभागृहात, ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज हे आपला नवा फोन श्रोत्यांस दाखवीत होते. त्या परिषदेची सुमारे ५,००० तिकिटे आठ दिवसांत संपली होती, एवढी लोकांची उत्सुकता. जॉब्ज यांनी वाय-फायच्या साहाय्याने एका वृत्तपत्राचे पान उघडावयास घेतले. परंतु पान काही केल्या उघडेना. सहस्रावधी लोकांसमोर तो प्रसंग मोठा अवघड झाला. थोड्या वेळाने कारण उघडकीस आले. बातमीदार व इतर श्रोते यांनी खिशात मावतील अशा बिनतारी पेट्या आपल्याबरोबर आणल्या होत्या, आणि त्या एका सभागृहात अशी ५७० केंद्रे एकाच वेळी चालू होती! जॉब्ज यांनी श्रोत्यांस आपापली यंत्रे बंद करून संगणक जमिनीवर ठेवण्याची विनंती केली, तेव्हा कोठे कार्यक्रम पुढे सरकला. प्रत्येकाने स्वतःची सोय पाहिली, आणि त्यामुळेच कोणाची सोय झाली नाही.

असे का व्हावे, हे कळण्यासाठी पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांकडे वळावे लागते. हवाई विद्यापीठाचे मुख्य केंद्र ओआहू बेटावर, तर त्याच्या इतर शाखा निरनिराळ्या बेटांवर पसरलेल्या. मुख्य केंद्रातील मोठा संगणक सर्वांस वापरता यावा अशी इच्छा होती. परंतु त्या काळच्या दूरध्वनीच्या तारा महागही होत्या आणि बेभरवशाच्याही. तेव्हा प्राध्यापक नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांचा नाद सोडून रेडिओलहरींचा आश्रय घेतला. (अब्रामसन ह्यांस हवाईची ओढ लागली ती तेथील समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याच्या खेळामुळे, असे सांगतात. लाटांचा नाद आणि लहरींचा अभ्यास ह्यांचा योग असा जुळून आला!) १९७१ साली हे जाळे चालू झाले. हवाई भाषेतील स्वागताचा शब्द 'अलोहा', तोच त्यास नाव म्हणून मिळाला.

अलोहाची युक्ती अगदी साधी होती. बेटावरील ज्या यंत्रास काही सांगावयाचे असेल त्याने आपला संदेश लहान तुकडा करून सरळ पाठवून द्यावा. मुख्य केंद्राने तो मिळाल्याची पोच द्यावी. पोच आली नाही तर दुसऱ्या कोणाचा संदेश त्याच क्षणी निघाला असून दोहोंची टक्कर झाली, असे समजावे. आणि थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवावे. हा 'थोडा वेळ' प्रत्येकाने आपल्या मनाने, कमी-अधिक असा निवडावयाचा. कारण दोघेही सारखाच वेळ थांबले, तर पुन्हा टक्कर ठरलेलीच. बोळात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसे एकाच वेळी डावीकडे आणि मग एकाच वेळी उजवीकडे सरकत राहतात, त्यातलाच हा प्रकार.

ह्या पद्धतीने काम होई, पण तिची मर्यादाही अब्रामसन यांनी गणिताने दाखवून दिली. बोलणारे जसजसे वाढतात तसतशा टकरी वाढतात, आणि कितीही प्रयत्न केला तरी उपलब्ध वेळापैकी १८ टक्क्यांहून किंचित अधिक वेळच सत्कारणी लागतो. उरलेला वेळ काही शांततेत आणि काही टकरींत जातो. त्याहून अधिक बोलणारे आले म्हणजे उपयुक्त काम वाढण्याऐवजी उलट घटत जाते. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गर्दी वाढली की जाळे केवळ मंद होते असे नव्हे. एका मर्यादेपलीकडे ते स्वतःच्याच गोंगाटात बुडून जाते.

आजचे वाय-फाय हे अलोहाच्याच कुळातील, पण अधिक शहाणे. अमेरिकेने १९८५ साली काही रेडिओपट्टे परवान्यावाचून वापरण्यास मोकळे केले. १९९७ साली वाय-फायचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली. ह्या नव्या पद्धतीत 'आधी ऐका, मग बोला' असा दंडक आहे. कोणी बोलत असेल तर यंत्र थांबते, शांतता झाल्यावर आणखी काही क्षण मनाने निवडून थांबते, आणि मग बोलते. ह्यामुळे टकरी पुष्कळ टळतात. तथापि मूळ अडचण कायमच राहते: एका मार्गावर एका क्षणी एकानेच बोलावयाचे. सभागृहातील हवा ही सर्वांची मिळून एकच आहे.

आता ५७० पेट्यांचे काय झाले असेल, त्याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. प्रत्येक बिनतारी पेटी, तिच्याकडे कोणाचे काम असो वा नसो, दर सेकंदास सुमारे दहा वेळा आपले नाव पुकारते. बाजारात फेरीवाल्याने आरोळी द्यावी तसे. नाव दूरवर सर्वांस कळावे म्हणून ही आरोळी सावकाश, म्हणजे अगदी कमी वेगाने दिली जाते. ५७० पेट्यांच्या आरोळ्या एका सेकंदात ५,७०० होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांस न अडविणारे मार्ग तीनच: पहिला, सहावा आणि अकरावा. आरोळ्या तिघांत सारख्या वाटल्या तरी प्रत्येक मार्गावर १,९०० येतात. एका आरोळीस एक सहस्रांश सेकंद लागतो असे धरले, तर एका सेकंदात जवळजवळ दोन सेकंदांचे बोलणे करावयाचे! कोणी एक अक्षरही वाचले नाही, एकही चित्र मागविले नाही, तरी नुसत्या नावांच्या पुकाऱ्यानेच हवा भरून गेली. सर्व पेट्या एकमेकींस ऐकू येत होत्या असे नाही, म्हणून हा हिशेब तंतोतंत खरा मानू नये. पण रोग कोठे होता ते त्यावरून कळते.

ह्यावरून सभागृहाची योजना करणाऱ्याने पहिला प्रश्न कोणता विचारावयास हवा, तेही ध्यानात येते. 'लहरी कोठवर पोहोचतील?' हा प्रश्न घराचा आहे, वाड्याचा आहे, शेताचा आहे. सभागृहात लहरी पोहोचतातच. तेथील प्रश्न 'माणसे किती येणार?' हा होय. लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घ्यावे. हजार पाने मांडली आणि एकच वाढपी ठेवला, तर त्याच्या हातातील पातेले कितीही मोठे असले तरी शेवटच्या पानावर भात पोहोचेपर्यंत पहिल्या पानावरचे माणूस हात धुऊन निघून जाईल. त्यासाठी वाढपी अधिक लागतात, आणि प्रत्येकास आपली ओळ ठरवून द्यावी लागते. दोन वाढपी एकाच ओळीत शिरले, तर वाढण्यापेक्षा सांडणेच अधिक होते.

म्हणून जाणता तंत्रज्ञ यंत्रे मागविण्याआधी वही घेऊन बसतो. हजार आसने आहेत. त्यांपैकी सहाशे लोक एका वेळी जाळ्यास जोडले जातील असे धरावे. एका पेटीने सुमारे पन्नास जणांस सांभाळावे असा बेत केला, तर बारा पेट्या हव्यात. कार्यक्रम कशाचा आहे हेही विचारावे लागते. भाषण ऐकावयास आलेला वृद्ध श्रोता मोबाइल खिशात ठेवून बसेल. तरुणांचे संमेलन असेल तर प्रत्येकाजवळ फोन असेल, शिवाय काहींजवळ लॅपटॉप, आणि मंचावर एखादा प्रसिद्ध पाहुणा येताच शेकडो छायाचित्रे एकाच मिनिटात बाहेर पडू पाहतील. पुष्कळांचा समज असा असतो की, लोक जाळ्यावरून नुसते घेतातच. सभासमारंभात ते देतातही, आणि देण्याची घटका सर्वांची एकच असते.

बारा पेट्या ठरल्या, पण मार्ग तीनच असतील तर बारांपैकी नऊ दुसऱ्यांच्या ओळीत शिरणार. ह्या ठिकाणी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा उपयोगी पडतो. तेथे स्वतंत्र मार्ग वीसहून अधिक आहेत. शिवाय ह्या पट्ट्यातील लहरी आखूड, सुमारे साडेपाच सेंटिमीटरच्या, म्हणून भिंतींनी अधिक अडतात. घरी हा दोष वाटतो, तर सभागृहात तोच गुण ठरतो, कारण शेजारच्या दालनातील गोंगाट इकडे येत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सुमारे साडेबारा सेंटिमीटरच्या, दूरवर जाणाऱ्या. त्यांच्या वाटेत उपाहारगृहातील मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात गुणगुणत असते. तंत्रज्ञ तो पट्टा जुन्या यंत्रांसाठी राखून ठेवतो आणि थोड्याच पेट्यांवर चालू ठेवतो. मग सभागृहाचा नकाशा कागदावर काढून, प्रत्येक पेटीच्या क्षेत्रास एक रंग देऊन, शेजारी-शेजारी एकच रंग येणार नाही अशी मांडणी केली जाते. नकाशातील राज्यांना रंग देण्याचा जो खेळ मुले वर्गात खेळतात, तोच हा.

दणकट पेटीचा मोह येथे विशेष घातक. पेटीचा आवाज मोठा केला म्हणून फोनचा आवाज मोठा होत नाही. व्यासपीठावरील पेटी शेवटच्या रांगेतील फोनला स्पष्ट ऐकू येते. फोन उत्तर देतो. पण त्या बिचाऱ्याची शक्ती अल्प, त्याचे उत्तर पेटीपर्यंत धड पोहोचत नाही. पडद्यावर जोडणीच्या पाचही रेघा दिसतात, आणि काम मात्र होत नाही. दूरच्या फोनची आणखी एक खोड आहे. आपले बोलणे कळावे म्हणून तो फार सावकाश बोलतो. जवळच्या फोनला ज्या मजकुरास क्षण लागतो, त्याच मजकुरास दूरच्याला कित्येक पटींनी अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्या मार्गावरील इतर सर्वांस तोंड मिटून बसावे लागते. एका सावकाश बोलणाऱ्यापायी साऱ्या ओळीचा खोळंबा होतो. म्हणून अनुभवी माणसे उलट करतात: पेट्या अधिक लावतात, प्रत्येकीचा आवाज मुद्दाम कमी ठेवतात, आणि अगदी मंद वेगाने बोलण्याची मुभाच काढून घेतात. मग फोन आपण होऊन जवळची पेटी धरतो. पेटीला अनेक नावे देण्याची हौसही आवरावी लागते. पाहुण्यांसाठी एक, पत्रकारांसाठी एक, स्वयंसेवकांसाठी एक, प्रायोजकाच्या आग्रहास्तव आणखी एक, असे केले की आरोळ्या चौपट होतात.

पेट्या ठेवावयाच्या कोठे, हा पुढचा विचार. मनुष्यदेहात पाण्याचा अंश मोठा, आणि ह्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. त्यामुळे रिकामे सभागृह आणि भरलेले सभागृह ही लहरींच्या दृष्टीने दोन भिन्न स्थळे होत. आदल्या दिवशी हातात यंत्र धरून रिकाम्या खुर्च्यांमधून फिरावे, सर्वत्र उत्तम जोडणी मिळावी, आणि दुसऱ्या दिवशी माणसे बसल्यावर निम्मे सभागृह मुके व्हावे, असा अनुभव पुष्कळांस येतो. म्हणून पेट्या सामान्यतः डोक्यांच्या वर, छतास वा उंच भिंतीस लावतात. पण छत फार उंच असेल तर? तेथून प्रत्येक पेटी सगळ्या सभागृहास ऐकू जाईल, आणि ओळी पुन्हा एकमेकींत मिसळतील.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सँटा क्लारा येथे २०१४ साली लीवाय्ज नावाचे क्रीडांगण उघडले, तेव्हा त्याच्या रचनाकारांपुढे हीच अडचण मोठ्या रूपात उभी राहिली. आसने ६८,५०० आणि वर उघडे आकाश; छतच नाही, मग पेटी टांगावयाची कोठे? त्यांनी ती आसनांखाली बसविली. साधारणतः दर शंभर आसनांमागे एक, अशा पेट्या टणक आवरणात घालून पायांजवळ ठेवण्यात आल्या. सगळे क्रीडांगण धरून पेट्यांची संख्या सुमारे १,२०० झाली. प्रथमदर्शनी हे विपरीत वाटते, कारण पेटीभोवती माणसांचीच दाटी. परंतु मर्म त्यातच आहे. आसपास बसलेल्या माणसांच्या देहांची एक जिवंत भिंत पेटीभोवती तयार होते. लहरी शेजारच्या काही रांगांपर्यंत पोहोचतात आणि पुढे विझून जातात. त्यामुळे थोड्याच अंतरावरील दुसऱ्या पेटीस तोच मार्ग पुन्हा वापरता येतो. जी गर्दी लहरींची वैरीण, तिलाच येथे पहारेकरी नेमले. ह्या विद्येतील ही सर्वांत सुंदर युक्ती म्हणावी लागेल.

त्या क्रीडांगणाची खरी परीक्षा ७ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली. अमेरिकन फुटबॉलचा पन्नासावा सुपर बोल सामना तेथे खेळला गेला. ७१,००० हून अधिक प्रेक्षक जमले. त्यांपैकी सुमारे वीस हजार लोक ऐन रंगाच्या वेळी एकदम वाय-फायवर होते, आणि त्या दिवसभरात त्या जाळ्यावरून १०.१ टेराबाइट एवढा मजकूर गेला-आला. १२८ गिगाबाइट साठवणीचे सुमारे ऐंशी फोन काठोकाठ भरतील एवढा हा ऐवज. जाळे कोलमडले नाही.

'बिनतारी' हा शब्द ऐकून तारा नसतील अशी समजूत होते, ती मात्र साफ खोटी आहे. बिनतारी असतो तो शेवटचा काही हातांचा प्रवास. त्याच क्रीडांगणात सुमारे ४०० मैल लांबीची केबल घातलेली आहे, आणि त्यांपैकी सुमारे ७० मैल केवळ वाय-फायच्या पेट्यांसाठी. आपल्या हजार आसनांच्या नाट्यगृहातही प्रत्येक पेटीपासून एक केबल मधल्या स्विचपर्यंत न्यावी लागते. तांब्याची ही केबल १०० मीटरहून लांब चालत नाही. त्यापुढे काचतंतूची केबल लागते. सुदैवाने त्याच केबलमधून पेटीस वीजही देता येते, म्हणून छतावर वेगळा प्लग शोधावा लागत नाही. प्रेक्षकांच्या वाटेतून जाणारी केबल जमिनीस पट्टीने घट्ट चिकटविलेली असावी. अडखळून पडलेल्या मनुष्याला वेग किती मिळत होता ह्याचे समाधान नसते. स्विच आणि मुख्य राउटर ह्यांस इन्व्हर्टरचा आधार हवा. वीज जाऊन दोन मिनिटांत आली तरी यंत्रे पुन्हा जागी होण्यास वेळ घेतात, आणि तेवढ्यात मंचावरचे निवेदन अडलेले असते.

लहरी ठीक, तारा ठीक, तरीही जाळे बंद पडावे, असे एक गुप्त कारण आहे. जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्रास एक पत्ता द्यावा लागतो, आणि मुख्य राउटर ते पत्ते आपल्या पोतडीतून वाटतो. साध्या घरगुती राउटरच्या पोतडीत असे पत्ते फार झाले तर २५४, आणि त्यांतला एक त्याचा स्वतःचा. घरी ते कधी संपत नाहीत. सभागृहात मात्र २५४ वा पाहुणा दारात येतो, त्याच्या फोनवर जोडणीच्या सर्व रेघा दिसतात, आणि पान काही उघडत नाही. कारण त्यास देण्यास पत्ताच उरलेला नसतो. त्यात पुन्हा एकदा दिलेला पत्ता पुष्कळ राउटर पूर्ण दिवसभर राखून ठेवतात. सकाळच्या सत्रास येऊन घरी गेलेल्या मनुष्याच्या नावावर पत्ता पडून राहतो, आणि दुपारी आलेला ताटकळतो. उपाय अवघड नाही: पोतडी दोन-चार हजार पत्त्यांची करावी, आणि पत्ता तासाभराच्या बोलीने द्यावा. पण हा उपाय आदल्या रात्री करावयाचा असतो. सभा भरल्यावर राउटरचे पोट उघडून बसणे शक्य नसते.

त्यापुढे प्रश्न येतो तो बाहेरच्या वाटेचा. सभागृहात बारा पेट्या आणि बाहेर जाण्यास घरगुती जोडणी एकच, हे म्हणजे बारा दारांच्या वाड्यास एकच अरुंद बोळ. सहाशे जोडलेल्यांपैकी एका क्षणी साठ जण खरोखर काही मागवीत आहेत आणि प्रत्येकास सेकंदाला २ मेगाबिट हवे आहेत असे धरले, तर १२० मेगाबिटांची वाट हवी. त्यात मंचावरून कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण होणार असेल, तर त्याची वाट निराळी व तारेचीच ठेवावी. श्रोत्यांच्या गर्दीत तिला ढकलू नये. शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्याव्यात, म्हणजे रस्ता खणणाऱ्याच्या कुदळीने एक तुटली तरी दुसरी शिल्लक राहते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल ह्या रेल्वेस्थानकावर रेलटेल आणि गूगल यांनी प्रवाशांसाठी विनामूल्य वाय-फाय सुरू केले. तेथे हे शक्य झाले ते रेलटेलने रेल्वेमार्गालगत काचतंतूच्या केबलचे जाळे आधीच घातलेले होते म्हणून. फलाटावरची पेटी सर्वांस दिसते. रुळांकडेने जमिनीखाली गेलेला तो काचेचा धागा कोणास दिसत नाही.

सार्वजनिक जाळ्यात एका पाहुण्याच्या यंत्राने दुसऱ्याच्या यंत्रात डोकावू नये, ह्याचीही व्यवस्था करावी लागते. पेटीच्या मांडणीत तशी सोय असते, ती चालू करावयाची इतकेच. परवलीचा शब्द मोठ्या अक्षरांत दाराशी लावावा. तो मराठीत सांगावयाचा आणि रोमन लिपीत टंकावयाचा असल्याने, फार लांब वा फार चातुर्याचा शब्द निवडल्यास स्वयंसेवकांचा अर्धा दिवस तो सांगण्यातच जातो.

कार्यक्रमाच्या दिवशी तंत्रज्ञ मागच्या कोपऱ्यात संगणक उघडून बसलेला असतो. पडद्यावर बाराही पेट्या, प्रत्येकीवर किती जण, कोणत्या मार्गावर गोंगाट, हे त्यास दिसत असते. मधूनच एखादे अनोळखी नाव उमटते. कोणीतरी आपल्या फोनवरून स्वतःचे निराळे जाळे सुरू केलेले असते. तंत्रज्ञ उठतो, रांगेत जाऊन त्या गृहस्थांस हलक्या आवाजात विनंती करतो, "काका, आपलं हॉटस्पॉट तेवढं बंद करता का? इथलं वाय-फाय मी जोडून देतो." बहुतेक माणसे लगेच ऐकतात.

संध्याकाळी खुर्च्या उचलल्या जातात, जमिनीवरच्या पट्ट्या सोलून केबली गुंडाळल्या जातात, आणि दिवसभराची नोंद वाचली जाते. तिच्यात नेहमी काहीतरी अनपेक्षित सापडते. सभागृहातील बाराही पेट्यांवर बेताचा भार पडलेला असतो, आणि बाहेरच्या ओसरीत, चहाच्या टेबलाजवळ, जेथे कोणी पेटी लावलीच नव्हती, तेथून मध्यंतरात दोनशे फोन दाराआडच्या एका पेटीस लोंबकळत राहिलेले दिसतात. मग नकाशावर चहाच्या टेबलापाशी पेन्सिलीने आणखी एक वर्तुळ काढले जाते.